तालिकोटनंतरची ऐंशी वर्षे

विजयनगरच्या साम्राज्याविषयी आपल्या समाजात जे वाचले जाते आणि देवळाच्या सभामंडपात व्याख्यानांतून जे ऐकविले जाते, त्याचा शेवट बहुधा एकाच दिवशी होतो. तो दिवस २३ जानेवारी १५६५ चा. कृष्णेच्या काठी चार शाह्यांच्या फौजा एकवटल्या, वृद्ध रामराय पकडला गेला, हुसेन निजामशहाने त्याचे शिर उतरविले आणि पुढे कित्येक महिने राजधानी लुटली गेली. व्याख्याता येथे थांबतो, श्रोते हळहळतात आणि मंडळी आरतीला उठतात.

वस्तुतः त्या दिवशी राज्याची राजधानी गेली, राज्य गेले नाही. पेनुकोंडा, चंद्रगिरी आणि वेल्लोर अशी एकामागून एक ठाणी बदलीत ते आणखी ऐंशी वर्षे चालले. संगम, साळुव व तुळुव या तीन घराण्यांनंतरचे हे चौथे आणि शेवटचे घराणे आरविडूंचे. त्यात सात राजे झाले आणि त्यांतील एक तर कोणत्याही काळात थोर म्हटला गेला असता. आमचे म्हणणे असे की, तालिकोटवर पडदा टाकून आपण एक सोयीची गोष्ट पदरात पाडून घेतो. शत्रू सर्वस्वी बाहेरचा, घाव एकच, आणि आपले म्हणावेत असे सारे निर्दोष. पुढची ऐंशी वर्षे वाचली म्हणजे ही सोय उरत नाही.

या सोयीला कारणीभूत झालेला आणि तिला छेद देणारा असे दोन ग्रंथ आज शेजारी ठेवून वाचावेत, असे आम्हांस वाटते. पहिला रॉबर्ट स्यूएल यांचा १९०० साली लंडनहून निघालेला विस्मृत साम्राज्याचा इतिहास. दुसरा फादर हेन्री हेरास यांचा १९२७ सालचा आरविडू घराण्याचा इतिहास. दोन्ही जुने झाले, त्यांतील कित्येक तपशील पुढच्या संशोधनाने दुरुस्त झाले. तरी विजयनगरविषयी आपण कसा विचार करतो याचे साचे मुख्यतः याच दोघांनी घडविले. म्हणून हे परीक्षण शिळे ठरू नये.

स्यूएल यांचे ऋण मोठे आहे. दाव्हिद लोपिश यांनी १८९७ साली लिस्बनमध्ये छापलेल्या पायश व नुनिश या दोन पोर्तुगीजांच्या हकीकती त्यांनी इंग्रजीत आणल्या आणि कृष्णदेवरायाचे नगर प्रथमच जगाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. परंतु त्या हकीकतींचे तेज इतके की, त्यांपुढे मागचेपुढचे सारे काळोखात गेले. महानवमीचा उत्सव, बाजारातली रत्ने, मल्लांच्या कुस्त्या आणि मग एकदम राख! स्यूएल यांनी १५६५ नंतरच्या राजांची नावे व साले नोंदविली खरी, पण त्यांत जीव ओतला नाही. त्यांच्या लेखी ती एका मोठ्या नाटकाची शेपटी होती. एका गोष्टीबद्दल मात्र त्यांना पुरते श्रेय दिले पाहिजे. मानुएल बारादाश या जेझुइटाने कोचीनहून १२ डिसेंबर १६१६ रोजी लिहिलेली हकीकत त्यांनी ग्रंथात समाविष्ट केली. तिच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

हेरास हे स्पेनचे. १९२२ साली ते मुंबईस आले, सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांनी इतिहास शिकविला आणि १९५५ साली मुंबईतच देह ठेवला. त्यांच्या ग्रंथाची पहिली मोठी कामगिरी ही की, त्यांनी आरविडूंचा आरंभ १५६५ च्या राखेत न शोधता रामरायाच्या उदयात शोधला. कृष्णदेवरायाचा हा जावई सदाशिवराय या नामधारी तुळुव राजाच्या नावाने वीस-बावीस वर्षे खरा राज्यकर्ता होता. म्हणजे सिंहासन एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची हा रोग रणांगणाच्या पुष्कळ आधीचा. लढाईलाही ते तालिकोटची म्हणत नाहीत. राक्षसगी व तंगडगी या गावांवरून नाव देतात. वाचकांच्या सवयीसाठी आम्ही जुनेच नाव ठेवले आहे.

पराभवानंतर रामरायाचा भाऊ तिरुमल हा सदाशिवरायाला आणि खजिन्याला घेऊन पेनुकोंड्यास गेला. गोमंतकातील वाचकांस येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. याच दशकात तिसवाडी, बार्देस आणि साष्टीतील आपल्या पूर्वजांनी आपले देव उचलून नदीपार नेले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला तो १५६० साली. तिकडे राजा आणि त्याचे धन हत्तींवरून चालले होते, इकडे देव होडीतून. हे साम्य मनाला भिडते, परंतु त्यावर फार भार टाकू नये. तिरुमलाने पुढे काय केले, हे चेझारे फेदेरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे आणि ते मुळीच हृद्य नाही.

फेदेरिची १५६७ साली विजयनगरात सात महिने राहिला. घरे उभी होती, माणसे नव्हती, वाघांचा वावर असल्याचे लोक सांगत. तिरुमलाला शहर पुन्हा वसवावयाचे होते आणि त्याला घोडे हवे होते. त्याने गोव्याच्या व्यापाऱ्यांस निरोप धाडला की घोडे आणा. लढाईत लुटले गेलेले, जुन्या राजाचे डाग असलेले घोडेसुद्धा मी किंमत देऊन घेईन. व्यापारी विश्वासाने घोडे घेऊन घाट चढले. तिरुमलाने घोडे ठेवून घेतले आणि दमडीही न देता त्यांस परत पाठविले. अठरा-वीस वर्षांपूर्वी, १५४७ साली, याच दरबाराने गोव्याच्या घोड्यांसाठी पोर्तुगिजांशी रीतसर तह केला होता! ज्या राज्याचे घोडदळ परदेशी घोड्यांवर आणि घोडे पतीवर अवलंबून, त्याने ती पत एका हंगामात घालविली. नगराच्या अवशेषांवर अश्रू ढाळणाऱ्या ग्रंथांत हा प्रसंग तळटीपेसारखा येतो. आमच्या मते तो मुख्य मजकुरात, मोठ्या टाइपात हवा. सदाशिवराय कैदेतच मारला गेला आणि मारणारा तिरुमलाचाच मुलगा होता, हीही फेदेरिचीचीच वार्ता. १५७० च्या सुमारास तिरुमलाने स्वतःस अभिषेक करविला. तेलुगूतील वसुचरित्र हे प्रख्यात काव्य भट्टुमूर्तीने याच राजाला अर्पण केले आहे. काव्य उत्तम आहे असे जाणकार सांगतात. अर्पणपत्रिकेवरून राजा पारखू नये, एवढेच.

तिरुमलाने राज्य तीन मुलांत वाटले. तेलुगू मुलूख श्रीरंगाकडे, कन्नड मुलूख रामाकडे, तमिळ मुलूख वेंकटपतीकडे. वाटणी भाषांच्या सीमांवरून झाली, ही गोष्ट सीमाभागातील आमच्या वाचकांस लक्षात ठेवण्याजोगी वाटेल. पण तिच्यामागे भाषेचा अभिमान नव्हता, कारभाराची सोय होती.

श्रीरंगाच्या कारकीर्दीतील एकच प्रसंग आम्ही घेतो. १५७९ साली गोवळकोंड्याच्या फौजेने अहोबळचे नरसिंहक्षेत्र लुटले. तेथील शिलालेख सांगतो की, पाच-सहा वर्षे ते क्षेत्र परसत्तेखाली होते आणि मग मठाच्या जीयरस्वामींच्या विनवणीवरून राजाने सरदार पाठवून ते सोडविले. आता लूट करणाऱ्या कुतुबशाही फौजेचा सेनानी कोण होता? मुरारराव नावाचा मराठी ब्राह्मण. नरसिंहाचे देऊळ मराठी ब्राह्मणाने सुलतानासाठी लुटले आणि तेलुगू राजाने तमिळ वैष्णव आचार्याच्या शब्दावरून सोडविले. ज्यांस या काळाचा इतिहास दोन धर्मांच्या सरळ झुंजीसारखा वाचावयाचा आहे, त्यांनी हा प्रसंग कोठे बसवावयाचा ते ठरवावे. आम्हांस तो बसविता आलेला नाही. आणि न बसणारी गोष्ट लपविण्यापेक्षा चौकट मोडलेली बरी.

यानंतर येतो तो वेंकटपतिराय, राज्यकाल सुमारे १५८६ ते १६१४. हेरास यांच्या ग्रंथाचा खरा नायक हाच. त्याने गोवळकोंड्याला पेनुकोंड्यावरून परतविले, बंडखोर नायकांना वठणीवर आणले, राजधानी चंद्रगिरीस आणि मग वेल्लोरास नेली. म्हैसूरच्या राज वडेयराने १६१० साली श्रीरंगपट्टण घेतले, तेव्हा गेलेल्यावर रडत न बसता त्याने १६१२ साली दानपत्र देऊन त्यास मांडलिक म्हणून मान्य केले. डचांना पुलिकत दिले, पोर्तुगिजांशी सख्य राखले आणि दोघांनाही एकमेकांच्या धाकात ठेवले.

परंतु आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल अशी त्याची एक करणी आहे. विजयनगरच्या राजांनी दोन शतके आपल्या दानपत्रांच्या शेवटी हंपीच्या देवाची, श्रीविरूपाक्षाची, सही केली होती. राज्य त्या देवाचे, राजा त्याचा मुखत्यार, असा तो भाव. हंपी गेली, देऊळ मागे राहिले. वेंकटपतीच्या दानपत्रांवर सही येते ती श्रीवेंकटेशाची. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर वेंकटेशाची उभी मूर्ती आणि नागरी अक्षरांत त्याच देवाला वंदन. चंद्रगिरीच्या वाड्यापासून सप्तगिरी जवळच. राजाने नवी राजधानी घेताना नवा धनीही घेतला. तिरुपतीस जाऊन आलेल्या पुष्कळ वाचकांनी महाद्वाराच्या आत उजव्या बाजूला दोन राण्यांसह उभा असलेला कृष्णदेवराय पाहिला असेल. त्याच मंडपात, समोरच्या अंगास, आणखी एक तांब्याची राजमूर्ती उभी आहे. ती वेंकटपतीची. रांग पुढे सरकत असते, पुजाऱ्यांची घाई असते, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही.

हा राजा वैष्णव, ताताचार्यांच्या परंपरेचा शिष्य. तरी आपल्याकडे संस्कृत अलंकारशास्त्र शिकणारा प्रत्येक विद्यार्थी जो कुवलयानंद वाचतो, तो अप्पय्य दीक्षितांसारख्या कट्टर शैव पंडिताने वेंकटपतीच्या आज्ञेवरून रचला. तसे ग्रंथातच म्हटलेले आहे. हेरास स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू असून या दरबाराच्या धार्मिक औदार्याला त्यांनी हात राखून दाद दिलेली नाही, हे नमूद केले पाहिजे.

आमचा आक्षेप निराळा आहे. १५९८ पासून चंद्रगिरीस जेझुइट पाद्री होते. त्यांच्याबरोबर फोंतेबोना नावाचा चित्रकारही होता आणि राजा त्याची चित्रे आवडीने पाही. पाद्र्यांची पत्रे तपशीलवार, तारीखवार आणि जपून ठेवलेली. तेलुगू काव्ये अलंकारांनी भारलेली, शिलालेख त्रोटक. साहजिकच हेरास यांच्या पानांवर पत्रांचे वजन अधिक पडले. परिणाम असा की, राजा पाद्र्यांशी बोलताना जसा दिसला तसाच बव्हंशी आपल्यालाही दिसतो. पण ज्या दिवशी पाद्री दरबारात नव्हते त्या दिवशी हा राजा काय करीत होता? पाणी, जमीन, देवळांचे उत्पन्न, नायकांची खंडणी यांचा हिशेब तमिळ आणि तेलुगू शिलालेखांत आहे. तो पत्रांइतका रसाळ नाही. पण राज्य त्यावर चालत होते.

वेंकटपती वारला तो १६१४ साली, आणि बारादाशची हकीकत सुरू होते ती येथे. राजाला मुलगा नव्हता. बायम्मा राणीने एका ब्राह्मण स्त्रीचे मूल आपले म्हणून वाढविले होते. राजाला ते ठाऊक होते, राणीच्या प्रेमाखातर त्याने चालवून घेतले. मृत्युशय्येवर मात्र त्याने मुलाला बाजूस सारून पुतण्या श्रीरंगाच्या हाती राजमुद्रेची अंगठी दिली. राणीच्या माहेरचा जग्गराय हा बलाढ्य सरदार खवळला. त्याने नव्या राजाला कुटुंबासह वेल्लोरात कोंडले आणि त्या मुलाला गादीवर बसविले. साऱ्या सरदारांनी मान तुकविली. एकटा वेलुगोटी याचम नायक बाहेर राहिला. याचमाच्या सांगण्यावरून एका धोब्याने मळक्या कपड्यांच्या गाठोड्यातून राजाच्या मधल्या मुलाला, रामाला, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर काढले. पुढे राजाला सोडविण्याचे प्रयत्न फसले, तेव्हा जग्गरायाच्या भावाने कैदखान्यात जाऊन त्याला मरणाचा हुकूम सांगितला. आणि बारादाश लिहितो की, राजाने आपल्याच हातांनी राणीला व मुलांना मारून मग स्वतःचा प्राण दिला.

हीच कथा तंजावरच्या रामभद्रांबेने रघुनाथाभ्युदय या संस्कृत काव्यात सांगितली आहे. वेलुगोटी घराण्याच्या तेलुगू वंशावळीतही ती येते. तिन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखी दुसरी मेजवानी नाही. रामभद्रांबा ही रघुनाथ नायकाच्या दरबारची कवयित्री. तिच्या काव्यात साम्राज्य वाचविणारा रघुनाथ. वंशावळीत तोच मान याचमाला. बारादाश परका; त्याचा कोणी आश्रयदाता यात गुंतलेला नाही, म्हणून त्याच्याच पानांवर धोब्याला पुरेशी जागा मिळते. तरीही बारादाश सत्य आणि काव्य असत्य असा झटपट निकाल आम्ही देणार नाही. कावेरीवरचा चोळांच्या काळचा बंधारा जग्गरायाच्या पक्षाने फोडला, ही गोष्ट आपल्याला काव्यानेच सांगितली. पाण्यावर जगणाऱ्या तंजावरला तिचे महत्त्व कळणे स्वाभाविक होते. तिरुचिरापल्लीनजीक तोप्पूर येथे मोठी लढाई झाली. मदुरा व जिंजीचे नायक जग्गरायाकडून, तंजावरचा रघुनाथ आणि याचम मुलाच्या बाजूने. जग्गराय मारला गेला आणि राम गादीवर बसला. या लढाईत एकही सुलतान नव्हता. तालिकोटच्या दुःखाची एवढी आवर्तने केलेल्या आपल्या लोकांत तोप्पूरचे नाव किती जणांनी ऐकले आहे?

आणि नेमक्या याच ठिकाणी हेरास यांचा ग्रंथ संपतो. वेंकटपतीच्या मृत्यूपर्यंतचा पहिला खंड तेवढा वाचकांच्या हाती आला. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९१९ साली प्रसिद्ध केलेली साधने आणि नीलकंठ शास्त्री व वेंकटरमणय्या यांनी १९४६ साली त्यांत घातलेली भर, यांवरून पुढची कथा जुळविता येते. परंतु साधनांचे संग्रह म्हणजे इतिहास नव्हे.

ती कथा थोडक्यात अशी. १६३२ पर्यंत रामदेव, १६४२ पर्यंत तिसरा वेंकट, मग शेवटचा श्रीरंग. या श्रीरंगाने मोडके राज्य सावरण्याची खटपट प्रामाणिकपणे केली. उत्तरेकडून गोवळकोंड्याचा मीर जुमला, पश्चिमेकडून विजापूरचा मुस्तफाखान. अशा वेळी दक्षिणेचे नायक पाठीशी उभे राहतील ही अपेक्षा. मदुरेच्या तिरुमल नायकाने उलट गोवळकोंड्याच्या फौजेला बोलावून सम्राटाच्या पाठीवर घातले. हा तिरुमल नायक म्हणजे मीनाक्षीच्या देवळापुढचा भव्य पुदुमंडप उभारणारा. यात्रेकरू त्या मंडपाखाली उभा राहून त्याला दुवा देतो आणि दुवा देणे योग्यही आहे. पण देवाचा मंडप बांधणारा हात आणि सम्राटाच्या पाठीत वार करविणारा हात एकच होता, हेही त्याच मंडपाखाली आठवावे. देवळाची सेवा आणि राज्याची निष्ठा या दोन निराळ्या गोष्टी होत्या. आपण भाबडेपणाने त्या एकच समजतो.

मराठी लेखनात एक मत वारंवार आढळते. विजयनगरचा वारसा मराठ्यांकडे आला आणि शहाजीराजे हे त्यातील दुवा. या मताला आधार नाही असे नाही. बंगळुरात शहाजीराजांचा दरबार दक्षिणी राजांच्या थाटाचा होता; जयराम पिंड्ये याच्या राधामाधवविलासचंपूत त्या बहुभाषी सभेचे चित्र आहे आणि राजवाड्यांनी १९२२ साली तो चंपू दीर्घ प्रस्तावनेसह छापून मोठे काम केले. व्यंकोजीराजे पुढे तंजावरच्या नायकांच्याच गादीवर बसले. पण दुवा जुळला तो कसा? शहाजीराजे कर्नाटकात गेले ते रणदुल्लाखानाबरोबर, आदिलशाही सरदार म्हणून. आणि श्रीरंगाचे राज्य ज्या फौजांनी मोडले त्यांत त्यांचीही फौज होती. १६४८ च्या जुलैत जिंजीच्या छावणीत मुस्तफाखानाने त्यांस कैद केले, ही गोष्ट निराळी आणि तिची कारणे निराळी. वारसा आला तो मोडणाऱ्यांच्या रांगेत उभे राहून आला. शहाजीराजांचे मोठेपण याने उणावते असे आम्ही मानत नाही. त्या काळी पराक्रमी मराठ्यापुढे जे मार्ग होते त्यांतील तो एक होता. मात्र हे न सांगता वारशाचा उच्चार करणे म्हणजे दस्तऐवजाचे अर्धे पान दाखविणे होय.

वेल्लोर गेल्यावर श्रीरंग तंजावर, म्हैसूर, मग इक्केरीच्या शिवप्पा नायकाकडे असा फिरत राहिला. १६५३ च्या सुमारास त्याने दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाकडे वकील धाडला: विजापूर-गोवळकोंड्यापासून मला वाचवा, मी मोगलांचा मांडलिक होतो, आणि जदुनाथ सरकारांनी फारसी पत्रांच्या आधारे दाखविले आहे की, धर्म बदलण्याचीही त्याने तयारी दर्शविली. औरंगजेबाने या अर्जाचा उपयोग दोन्ही शाह्यांकडून पैसा उकळण्यासाठी केला आणि अर्जदाराला वाऱ्यावर सोडले. वेंकटेशाच्या नावाने सही करणाऱ्या घराण्याचा शेवटचा पुरुष या थराला आला, हे वाचून आमच्या वाचकांना क्लेश होतील. ते टाळण्यासाठी हा भाग गाळावा, असे सुचविणारे सज्जन आम्हांस भेटलेले आहेत. आम्ही तो गाळीत नाही. त्याचे नायक त्याच्यामागे उभे असते, तर हा अर्ज लिहिला गेला नसता.

याच श्रीरंगाने १६४५ साली मद्रासच्या इंग्रजांना कौल दिला. वसाहतीची पहिली परवानगी १६३९ साली दामर्ला वेंकटाद्री या नायकाने दिलेली होती. सम्राटाच्या कौलात गावाचे नाव श्रीरंगरायपट्टण असे घातले होते. ते कोणाच्याही तोंडी बसले नाही. नायकाच्या बापाचे नाव चेन्नप्पा. त्याच्या नावाचे चेन्नपट्टण तेवढे राहिले आणि १९९६ साली राज्य सरकारने तेच नाव चेन्नई म्हणून शहराला अधिकृतपणे दिले.